नदी आली का?

आमच्या आजोळी नदीला पाणी आहे का, असं कुणी विचारत नाही. ‘नदी आली का?’ असं विचारतात. पावसाळा लागला की आई पुण्याहून मामांना फोन लावते. पेरणी, गुडघे, कुणाचं लग्न जमलं, सगळं झालं की शेवटी हा प्रश्न. मामा म्हणतात, “आली की परवा. लई गढूळ आली.” किंवा मग, “कुठली आली माय. नाही अजून.” लहानपणी मला वाटायचं, ही कुणीतरी एसटीनं येणारी बाई असावी.

ही मांजरा. जुनी माणसं वांजरा म्हणतात. बीड जिल्ह्यातल्या बालाघाटावर उगवते, बीड आणि धाराशिवच्या हद्दीवरून लातुरात येते, पुढे बिदर, मग तेलंगणा. तिथे उत्तरेला वळते आणि कंदकुर्तीजवळ गोदावरीला मिळते. एकंदर ७२४ किलोमीटर. म्हणजे कृष्णेची, गोदावरीची गोष्ट नाही म्हटलं तरी अगदी ओढाही नाही. पण मराठवाड्याबाहेर कुणाला नाव सांगितलं तर समोरचा एकदा मांजराचा उच्चार करून हसून घेतो.

२०२४च्या जानेवारीत मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी पुण्यात होते. गुरुवारी ११ तारखेला येळवस होती. वेळ अमावास्या असं कॅलेंडरवर छापतात, आमच्याकडे येळवस. लातूर-धाराशिवच्या शेतकऱ्याला दिवाळी चुकली तर चालते, येळवस चुकत नाही. मामांनी डॉक्टरांनाच सांगून टाकलं होतं, “डोळ्याचं काय करायचं ते करा, येळवशीला मी रानात पाहिजे.” सोडायला मीच निघणार होते. म्हटलं, मामा, सरळ जाण्यापेक्षा उगमापासून नदीच्या कडेकडेनं जाऊ या का? बहात्तर वर्षं काठावर राहिलेल्या माणसानं उगम पाहिलेला नव्हता. “बघावं तरी,” म्हणाले, “कुठून येती, अन् कुठं अडती.”

सोमवार, ८ जानेवारी

नगर, कडा, आष्टी, जामखेड. जामखेडनंतर सौताड्याचा घाट चढला की बालाघाट सुरू. सौताड्याला विंचरणा नदी कड्यावरून खाली उडी घेते, रामेश्वराचा धबधबा म्हणून लोक पावसाळ्यात गर्दी करतात. आम्ही गेलो तेव्हा कड्यावर नुसते काळे ओघळ होते. ही विंचरणा सीनेला जाते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. आणि इथून थोडं पुढे, पाटोद्याच्या बाजूला पडलेलं पाणी मांजरेतून गोदावरीला. एकाच माळावरच्या पावसाची अशी वाटणी होते. मामांना हे सांगितलं तर त्यांनी दोन्ही बाजूंना मान वळवून नीट पाहून घेतलं, जणू बांधाचा दगड कुठे आहे ते शोधत होते.

गवळवाडी. उगम इथे सांगतात. रस्ता विचारत विचारत गेलो आणि गंमत अशी की जसजसे जवळ जात होतो तसतशी नदी माणसांच्या तोंडून नाहीशी होत होती. पाटोद्यात “मांजरा ना? सरळ जावा” असं सांगणारे भेटले. वाडीजवळ शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, मावशी, मांजरा नदी कुठे उगवते?

“नदी? हितं कुठली नदी? ह्यो वढा हाय. नदी खाली पाटोद्याला होती.”

‘होती’ म्हणजे तिथे ती नदी होते, या अर्थानं. पण मला ते भूतकाळी ऐकू आलं आणि त्याच अर्थानं ते बराच वेळ कानात राहिलं.

ओढा म्हणजे मुरमाड माळावरची एक घळ. तळाला कोरडे गोटे, बाभळी, एका डबक्यात शेवाळ धरलेलं हातभर पाणी. शेळ्या तेच पीत होत्या. मामा घळीत उतरले, चपला काढल्या, पाण्याला हात लावून तो कपाळाला लावला. वर येताना म्हणाले, “डोळा नवा केला, अन् बघायला हे.” आणि स्वतःच खो खो हसले.

संध्याकाळी पाटोद्याचा पूल. खाली प्लास्टिक, जुन्या गाद्या, कोंबडीची पिसं. तिथे थांबावंसं वाटलं नाही. मांजरसुंब्याला येऊन लॉज घेतला.

मंगळवार, ९ जानेवारी

मोठ्या रस्त्यानं दक्षिणेला निघालं की पारगावला नदी ओलांडावी लागते. अलीकडे बीड जिल्हा, पलीकडे धाराशिव. गाडी कडेला लावून आम्ही पुलावर उभे राहिलो. पात्रात पाण्याचे तुकडे होते, सलग धार कुठेच नाही. प्रत्येक तुकड्यापासून काळे पाइप निघून काठ चढून गेलेले. मी मोजले, नजर पोचेल तेवढ्यात सतरा. वायरी बाभळीच्या बेचक्यांतून नेलेल्या. एक पोरगा मोटर खांद्यावर घेऊन एका डबक्यातून पुढच्या डबक्याकडे चालला होता. विचारलं तर म्हणाला, आठवड्यातून एकदा जागा बदलावी लागते. पाणी सरकतं तशी मोटर सरकवायची.

“कशाला देतोस?”

“उसाला.”

मामा काही बोलले नाहीत. त्यांचाही चार एकर ऊस आहे. गाडीत बसल्यावर मीच विषय काढला. ते चिडले नाहीत, पण आवाज चढला. “ऊस लावू नका म्हणायला पुण्यातून लई सोपं हाय. सोयाबीनला हमीभाव ४६००, तो तरी हातात पडतो का? तूर धुक्यानं जाती. उसाला कसं, टोळी येती, तोडून नेती, पैसे लेट येतील पण बुडत न्हाईत. लेकीचं लग्न कशावर केलं मी?” नंतर कळंब येईपर्यंत गप्प. कळंबच्या वेशीवर म्हणाले, “पण पाणी लई पितो, हे खरंय.”

कळंब नदीकाठचंच गाव. चहा घेतला, एक-दोन जुने ओळखीचे मामांनी शोधून काढले, अर्धा तास गेला.

मग धनेगावचं धरण. लातूर शहर, अंबाजोगाई, केज, कळंब अशा कितीतरी गावांचं पिण्याचं पाणी याच एका भिंतीमागे साठतं. भरलं तर २२४ दशलक्ष घनमीटर, त्यातलं ४७ मृतसाठा. म्हणजे कालव्याच्या दारापर्यंत न चढणारं, तळाशी बसलेलं पाणी. मामांना हा शब्द आवडत नाही. “मेलेलं कसं? शेवटाला तेच तर जगवतं.” २०२३चा पावसाळा मराठवाड्याला हुलकावणी देऊन गेला होता, त्यामुळे धरणात पाणी खाली खाली गेलेलं. उघड्या पडलेल्या गाळावर हरभरा आणि ज्वारी लावलेली होती. याला गाळपेर म्हणतात. काळीशार, भेगाळलेली जमीन आणि तिच्यावर कोवळं हिरवं. फोटोला फार सुंदर. धरण रिकामं झाल्याशिवाय हे रान मिळत नाही, एवढीच काय ती अडचण.

काठावर एक मासेमारी करणारा जाळं सोडवत बसला होता. थर्माकोलचा चप्पू, म्हणजे तराफा, बाजूला उलटा टाकलेला. मामांनी तंबाखूची पुडी पुढे केली आणि बोलणं सुरू झालं. २०१६च्या दुष्काळाचं सांगत होता. “तवा इथून त्या टोकाला चालत गेलो मी. चप्पल घालून. धरणात गेलेल्या घरांची जोती उघडी पडली. आमच्या आजानं दाखवलं होतं, हितं आपलं घर. मला वाटायचं, पाण्यात कशाचं घर. त्या साली बघितलं. उंबऱ्याचा दगड होता.”

“मग?”

“मग काय, बसलो जराशिक. मासे तर नव्हतेच धरायला.”

तेवढं बोलून त्यानं पुन्हा जाळ्याची गाठ हातात घेतली. नायलॉनचं बारीक जाळं, गाठ दातानं ओढायचा, अंगठ्यानं सपाट करायचा, पुढच्या भोकाला जायचा. एका जागी सायकलच्या ट्यूबची पट्टी बांधलेली होती. आम्ही निघालो तरी त्यानं मान वर केली नाही. माझ्या डोक्यात मात्र तो उंबऱ्याचा दगड होता. बुडालेल्या घराला पुन्हा भेटायचं तर नदी मरावी लागते.

बुधवार, १० जानेवारी

मुक्कामाला रात्रीच लातुरात आलो होतो, मामेभावाच्या घरी. सकाळी वहिनीनं चहाबरोबर २०१६ काढलं. लातुरात हा विषय काढावा लागत नाही, तो निघतोच.

त्या मार्चमध्ये पाण्याच्या टाक्या, टँकर भरायच्या जागा, तिथे भांडणं होऊ नयेत म्हणून १४४ कलम लावलं होतं. पाण्यासाठी जमावबंदी. मग १२ एप्रिलच्या पहाटे मिरजेहून कृष्णेच्या पाण्याची पहिली रेल्वेगाडी आली. दहा वाघिणी, साधारण पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींच्या, पंचवीस लाख लिटरच्या फेऱ्या सुरू झाल्या. ‘जलदूत’ नाव दिलं होतं. सव्वातीनशेहून जास्त किलोमीटर रुळांवरून नदी आली. देशभरातले कॅमेरे लातूरच्या स्टेशनवर उभे होते.

वहिनीला कॅमेरे आठवत नाहीत. तिला घागरी आठवतात. “प्रत्येकीच्या घागरीवर ऑइलपेंटनं नाव. माझ्या एकीवर अजून हाय.” तिनं माळ्यावरून काढून दाखवली. स्टीलची, कडेला पोचा आलेला, लाल अक्षरांत तिचं अर्धं नाव राहिलेलं. बाकीचं घासून गेलं. “रांगेत माणूस नसलं तरी घागर उभी राहायची. घागरीला नंबर, माणसाला न्हाई. अन् एक सांगू का, कृष्णेच्या पाण्यात डाळ शिजायची बगा. बोअरच्या पाण्यात शिट्ट्यांवर शिट्ट्या, तरी टणक. टँकरला ते पाणी आलं की आम्ही त्या दिवशी मुद्दाम वरण करायचो.”

मला एकदम परवाचा सौताड्याचा माळ आठवला. तिथे कृष्णेच्या वाटेला गेलेलं आणि गोदावरीच्या वाटेला गेलेलं पाणी वेगळं होतं. इथे वहिनीच्या कुकरमध्ये कृष्णा आली होती. एवढा द्राविडी प्राणायाम करून, आणि तेही डाळ शिजवायला.

दुपारी साई आणि नागझरीचे बंधारे पाहिले. त्याच २०१६च्या उन्हाळ्यात लोकांनी वर्गणी काढून इथल्या पात्रातला गाळ उपसला, अठरा किलोमीटर रुंद-खोल केलं. डॉक्टर, व्यापारी, वकील, शिक्षक, सगळ्यांनी पैसे घातले. मामांनी अकराशे दिले होते, पावती अजून पाकिटात आहे. सप्टेंबर संपता संपता असा पाऊस झाला की धरणसुद्धा भरलं. पाणी पाहायला माणसं शहरातून सहकुटुंब यायची, नारळ फोडायची. मामेभाऊ म्हणाला, “आपण नदीला जाऊन कधी नमस्कार केला नव्हता, त्या वर्षी केला.” मग जरा थांबून, “पुढच्या वर्षीपासून परत मोटरी.” खोल केलेल्या पात्रात पाणी जास्त थांबतं हे खरं. थांबलेलं पाणी उचलायला सोपं, हेही तेवढंच खरं.

लातूर-अंबाजोगाई रस्त्यावर नदीच्या काठी एक गाव लागतं, त्याचं नाव महापूर. पुलावरून पाहिलं तर खाली वाळू आणि दोन म्हशी. नाव ठेवणाऱ्यानं कधीतरी काहीतरी पाहिलं असणार.

गुरुवार, ११ जानेवारी : येळवस

या दिवशी लातूर जिल्ह्याला सुट्टी असते. शहरात रस्ते ओस, दुकानांना कुलपं, सगळी माणसं रानात. ज्याला शेत नाही त्याला कुणीतरी बोलावतंच. आम्ही सकाळी आठलाच गावी पोचलो. घरात तीन दिवसांपासून धांदल असणार हे वासावरूनच कळलं.

भज्जी म्हणजे भजी नव्हे, हे बाहेरच्यांना दर वेळी सांगावं लागतं. तुरीचे, वालाचे, वाटाण्याचे, चवळीचे दाणे, हरभऱ्याचा पाला, मेथी, कांद्याची पात, शेंगदाणे, चिंच, आणि जे जे रानात हाताला लागेल ते सगळं बेसनात शिजवलेलं. त्याच्याबरोबर बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या. आणि आंबील. ज्वारीचं पीठ आणि ताक, लसणाचा ठेचा घातलेला, मातीच्या बिंदगीत रात्रभर ठेवलेला. बिंदगी हा शब्द कन्नडकडून आलेला, आमच्याकडे निम्मी भांडी कन्नड बोलतात. खाली मांजरेवर बिंदगीहाळ नावाच्या गावी एक बंधाराही आहे.

मामी बिंदगी डोक्यावर घेऊन निघाली. सासू गेल्यापासून हा मान तिचा. रस्त्यात बोलायचं नाही, मागे बघायचं नाही. मी मागून चालत होते. बिंदगीच्या तोंडाला हरभऱ्याचे डहाळे खोचलेले आणि चालताना आंबील आतून डुचमळत होती. तिच्या मानेची शीर ताणलेली दिसत होती. पण थेंब सांडला नाही.

रान नदीला लागूनच आहे. मधोमध कडब्याच्या पाच पेंढ्यांची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पांडव. पूजेला नदीचं पाणी लागतं. बोअरचं चालत नाही, हा आजीचा नियम. आजी जाऊन पंधरा वर्षं झाली, नियम आहे.

नदीत पाणी नव्हतं. मामांनी पितळी तांब्या आणि एक वाटी घेतली आणि मला म्हणाले, “चल.” पात्रात उतरून ते वाळूत चालत राहिले, मधेच थांबून पायाच्या अंगठ्यानं वाळू दाबायचे. एका ठिकाणी बसले. दोन्ही हातांनी वाळू ओढायला लागले. मीही बसले. वरची वाळू गरम, वीतभर खाली गार, हातभर खाली ओली, आणि मग भोकाच्या कडा ढासळायला लागल्या. कडा ढासळली की मामा थांबायचे, ती बसू द्यायचे, मग पुन्हा उपसायचे. याला झिरा म्हणतात. कोपरापर्यंत हात गेल्यावर तळाला पाणी दिसलं. दिसलं म्हणजे वाळू काळी झाली आणि चमकली. पहिल्या तीन वाट्या गढूळ, त्या टाकून दिल्या. “आता हात लावू नको. थांब.”

आम्ही थांबलो. किती वेळ, सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, वीस असतील. बाजूच्या रानातून घुंगरं, पोरांचा आरडाओरडा, कुणाच्या तरी मोबाइलवर हलगी. झिऱ्यात पाणी कडेकडेनं जमत होतं आणि निवळत होतं. मग मामांनी वाटी अलगद टेकवली, काठ जेमतेम बुडेल इतकीच, आणि पाणी आपण होऊन आत आलं. अशा बारा वाट्यांचा एक तांब्या.

“आमची माय रोज दोन घागरी भरायची असं,” मामा म्हणाले. “आम्ही सात जण होतो.” मग वाळूकडे बघत, “पण तवा वाळू पुरुषभर होती. आता खाली खडक लागतो. तुमच्या पुण्यातल्या बिल्डिंगी अन् आमचा स्लॅब, सगळा इथूनच गेला की.” मागच्याच वर्षी बांधलेल्या वरच्या खोलीकडे त्यांनी हात केला. वाळू कुठली, हे त्यांनी लपवलं नाही.

पूजा झाली. मामांनी तांब्यात आंबील घेऊन हरभऱ्याच्या डहाळ्यानं रानभर शिंपडायला सुरुवात केली. पुढे ते, मागे पोरं, “ओलगे ओलगे, सालम पोलगे” असं ओरडत. मला तरी ते असं ऐकू येतं, प्रत्येक गावात वेगळं असतं, अर्थ कुणी सांगत नाही. चारही बांध झाल्यावर मामा नदीकडच्या बांधावर थांबले आणि उरलेली आंबील पात्रात शिंपडली. मला वाटलं हा यांचा स्वतःचा काहीतरी भावुकपणा. मामी म्हणाली, “न्हाई गं, आधीपासून असंच. तिचंबी रान हाय ते.”

मग जेवणं. रस्त्यानं जाणाऱ्या कुणालाही हाक मारून बसवायचं. बँकेतला एक तरुण साहेब आला होता, नागपूरकडचा. तिसऱ्या वाटी आंबिलीनंतर त्याला बोरीच्या सावलीत झोप लागली. उसतोडीच्या टोळीतली दोन लेकरं आली, बीडकडची, कदाचित मांजरेच्याच वरच्या गावांतली. त्यांनी भज्जीला हात लावला नाही, खीर मात्र दोनदा घेतली. संध्याकाळी हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवला, मामेभावाचा मुलगा तो घेऊन रानाभोवती पळाला आणि ज्वारीची दोन ताटं मोडून आला. रागावलं कुणीच नाही.

निघताना झिरा पाहायला मी पुन्हा पात्रात उतरले. शेळ्यांनी कडा मोडल्या होत्या, भोक बुजत आलं होतं.

शुक्रवार, १२ जानेवारी

पहाटे परत निघायचं म्हणून पाचला उठले. न्हाणीत नळ सोडला. आधी फसफस, मग दोन थेंब, मग नुसती हवा. सातशे फुटांवरचं बोअर. मामी चुलीपुढे बसली होती, तिनं मान न वळवता सांगितलं, “मोटर बंद कर अन् अर्धा घंटा थांब. येतं.”